तिसरा फोन

“तपासणी तर माझी झालीय की मॅडम,” पलीकडची बाई म्हणाली, “रिपोर्टच कुणी सांगितला नाय.”

मीनाक्षी धर्माधिकारीला अशा उत्तरांची सवय होती. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं एका ट्रस्टच्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यात बसून गेली सहा वर्षं ती बायकांना फोन करत होती. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी जिची राहून गेली असेल तिला फोन करायचा, तिचं म्हणणं ऐकायचं, समजवायचं, तारीख द्यायची आणि ती आली नाही तर पुन्हा फोन करायचा. बायका काय वाट्टेल ते सांगत. मला काही होत नाही. लेकीचं बाळंतपण आहे. मालक नको म्हणतात. आता या वयात कोण दाखवतंय तसलं. मीनाक्षी कुणाशीच वाद घालत नसे. आवाज थोडा खाली आणायचा, म्हणजे समोरचं माणूस कान देऊन ऐकतं, हे ती वडिलांकडून शिकली होती. वडील तहसिलीत कारकून. कुणाचा अर्ज वाचून दाखवायचा असला की ते आवाज असा काही खाली घेत, की ओसरीवर बसलेले शेतकरी पायरीपर्यंत सरकत. त्यांचाच आवाज तिच्याकडं आला होता. दहातल्या सहा बाया तिच्या शब्दावर यायच्या, आणि शेजारच्या टेबलावरची मोनिका, जी नवी होती आणि जिच्याकडं दहातल्या दोनच यायच्या, ती कधीकधी आपलं काम सोडून हिचं बोलणं ऐकत बसायची. मीनाक्षीला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

“रिपोर्ट बघते हं मी, भामाबाई. फोन चालू ठेवा,” ती म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. भामाबाई सांडू गवारे, पैठण, वय बेचाळीस. आता शेहेचाळीस. चार वर्षांपूर्वी पैठणला शिबिर झालं होतं, तेव्हा नमुना घेतलेला. खाली निकाल होता: पेशींमध्ये बदल, लवकर पुढची तपासणी करणे आवश्यक. आणि त्याच्या खाली तीन ओळी. पहिला फोन, सकाळी अकरा चाळीस, उचलला नाही. दुसरा फोन, दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाबारा, उचलला नाही. तिसरा फोन, त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वीस, उचलला नाही. फाइल बंद. पुढं दोन अक्षरं, मी. ध.

तिनं ते दोनदा वाचलं. पहिल्या दोन ओळी तिला परक्या वाटल्या नाहीत, तशा हजारो लिहिल्या असतील. तिसऱ्या ओळीपाशी मात्र ती थांबली. सहा वीस. ती या टेबलाशी सहा वीसला कधीच बसलेली नव्हती. संध्याकाळचे फोन उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलीकडं सोपवून साडेपाचला ती स्कूटर काढायची, पावणेसहाला सिडकोच्या चौकात असायची. दवाखान्याचा नियम होता की तीन फोन वेगवेगळ्या दिवशी करायचे आणि त्यातला एक संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसा बाया कामावर असतात. नियम चांगला होता. तो नियम बनवणाऱ्या बैठकीत तीच सगळ्यात जास्त बोलली होती.

“हाय का काही?” भामाबाईनं विचारलं.

“भामाबाई, तुम्हाला इथं यावं लागेल,” मीनाक्षी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला, शांत, खालचा, आणि तो तसाच आला याचं तिला मनातून भय वाटलं. “पुढची एक तपासणी करायची आहे. घाबरायचं काही नाही, पण उशीर करायचा नाही.” भामाबाईनं बघती म्हणून सांगितलं. बघती म्हणजे काय, हे मीनाक्षीला सहा वर्षांत नीट कळलेलं होतं.

त्या दिवशी उरलेले फोन तिनं केले. सतरा केले. एकीला हसवलंसुद्धा. पण बोलता बोलता तिचं मन त्या चार वर्षांपूर्वीच्या संध्याकाळभोवती घिरट्या घालत होतं, आणि खरं तर ती तिथं काय शोधते आहे ते तिला कळत होतं: कारण. काहीतरी असणार. लेकीला, मृण्मयीला, ताप असेल. पण मृण्मयी तेव्हा पुण्याला शिकायला गेलेली होती. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं, पण ते थंडीत, आणि ही तारीख एप्रिलची. मग औरंगपुऱ्यात शिंप्याकडून ब्लाउज आणायचं होतं का? तिला तो शिंपी दिसला, त्याच्या गळ्यातली टेप दिसली, दुकानाबाहेर लावलेल्या दुचाक्यांतून वाट काढताना पोटरीला लागलेला गरम सायलेन्सर आठवला. तो चटका खरा होता, पण तो त्याच संध्याकाळचा होता की ती आता तो उचलून तिथं नेऊन ठेवत होती? कारण मिळालं असतं तर ते धरून बसता आलं असतं. ते मिळत नव्हतं. बहुधा काहीच झालेलं नव्हतं. पाच वाजले असतील, ऊन उतरलेलं नसेल, यादीत दोन-तीन नावं राहिली असतील, आणि तिनं सहा वीस असं लिहून टाकलं असेल. सहा नाही, साडेसहाही नाही. सहा वीस. खरं वाटावं म्हणून ते वीस घातलं होतं, आणि त्या वीस मिनिटांची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

वडील म्हणायचे, मिसलीत आलं म्हणजे झालं. त्यांच्या लहानपणापासून कचेरीत जुन्या निजामी अमलातले शब्द तसेच वापरात होते, आणि मिसल म्हणजे फाइल, पण वडील तो शब्द असा उच्चारायचे जशी ती एखादी वजनदार, न हलणारी वस्तू असावी. जे कागदावर आलं ते घडलं. शाळेत असताना मीनाक्षीला हे फार भारी वाटायचं. आपल्या वडिलांच्या लेखणीतून गोष्टी घडतात. आता स्कूटरवर, मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबलेली असताना, तिला वाटलं की वडिलांनीही कधीतरी एखाद्या माणसाला न विचारताच ‘विचारलं’ असं लिहिलं असेल, आणि त्यांनाही त्यासाठी काही विशेष कारण लागलं नसेल. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

घरी केशवनं, तिच्या नवऱ्यानं, काय झालं म्हणून विचारलं. तो विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा चहा तोच करायचा. तिनं सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला की फोन केला असता तरी बाईनं उचलला असता कशावरून? आणि चार वर्षांपूर्वीची नोंद कोण काढून बघणार आहे? तो तिची बाजू घेत होता, प्रेमानं घेत होता, आणि त्याचं प्रत्येक वाक्य तिनं संध्याकाळभर स्वतःशी म्हणून पाहिलेलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ती वाक्यं ऐकल्यावर ती किती हलकी आहेत ते तिला कळलं. खरंच, कुणी काढून बघणार नव्हतं. म्हणजे हे ठरवणारी या जगात ती एकटीच होती. विचित्र गोष्ट अशी की हे लक्षात आल्यावर तिला बरं वाटलं. काय करायचं हे तिला माहीत होतं. तिला नेहमीच माहीत असायचं. तो तिचा स्वभाव होता, आणि या एका गोष्टीमुळं तो स्वभाव खोटा ठरत नव्हता.

सकाळी आठलाच ती डॉक्टर मनस्विनीच्या खोलीत गेली. ही दवाखान्यातली बायकांची डॉक्टर, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारी. मीनाक्षीनं उभ्या उभ्याच सांगितलं की तिसरा फोन मी केलेला नव्हता, लिहिला होता. आणि अशा आणखीही नोंदी असतील, मला नक्की आठवत नाहीत, पण असतील. डॉक्टरनं समोरची फाइल मिटली. मग म्हणाली, “आधी त्यांना इथं आणा. बाकीचं लेखी द्या, ते मी वर पाठवीन.” पुढच्या चार दिवसांत मोनिकानं आणि तिनं मिळून सहा वर्षांतल्या संध्याकाळच्या सगळ्या नोंदी काढल्या. पाच तिच्या खोट्या निघाल्या. चौघींचे निकाल चांगले होते. त्या चौघींनाही पुन्हा फोन गेले. पाचवी भामाबाई.

पण ते नंतर. त्या सकाळी ती डॉक्टरच्या खोलीतून थेट मध्यवर्ती बसस्थानकावर गेली आणि पैठणच्या एसटीत बसली. चितेगाव गेलं, बिडकीन गेलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात कुठं कारखान्याचा, कुठं ओल्या मातीचा वास होता. फोनवर बोलताना तिला बायकांची घरं कधी दिसत नसत. ती घरं ती आवाजावरून उभी करायची: कुकरची शिट्टी, टीव्ही, कोंबड्या, कुणीतरी खोकतंय. सहा वर्षांत तिनं अशी हजारो घरं मनात बांधली होती आणि फोन ठेवला की मोडली होती. प्रत्यक्ष एकीच्या दारात ती पहिल्यांदाच जात होती. ढोरकीनच्या पुढं तिला जाणवलं की आपण काय बोलायचं याची तयारी करतो आहोत, शब्द निवडतो आहोत, आवाज कुठं खाली घ्यायचा ते ठरवतो आहोत. ती तयारी तिनं मुद्दाम थांबवली आणि उरलेला रस्ता नुसती बाहेर बघत राहिली.

भामाबाई एका पैठणीच्या कारखान्यात मागावर बसायची. लांबट खोली, सात माग, आणि सगळे एकदम चालू असले की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ नये असा खडखडाट. उंच, हडकुळी बाई. रेशमाच्या बारीक गुंड्या ठेवलेल्या डब्यात तिचा फोन पडलेला. मीनाक्षीनं स्वतःची ओळख सांगितली तेव्हा ती मागावरून उठली नाही, नुसते हात थांबवले. “फोनवरच्या मॅडम तुमी? इतक्या लांब कामून आल्या?” जेवणाची सुट्टी सोडली तर दिवसा मागाच्या आवाजात फोन ऐकू येत नाय, असं तिनं आपणहून सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. संध्याकाळी सहाला सुटते, मग फोन हातातच असतो. मीनाक्षी त्यावर काही बोलली नाही. बोलायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण आधी बाई दवाखान्यात आली पाहिजे, हे ती स्वतःला सांगत राहिली, आणि त्यात अर्धं खरं होतं.

दुपारच्या सुट्टीत दोघी घरी गेल्या. भामाबाईचा नवरा, सांडू, दारातच बाजेवर बसलेला. चार एकर शेती बघणारा, सौम्य माणूस. तो म्हणाला, बाईला काही दुखत नाय, खुपत नाय, रोज मागावर बसती; नसलेलं कामून उकरून काढायचं? मीनाक्षीकडं याचं उत्तर पाठ होतं. या उत्तरावर शेकडो नवरे गप्प झाले होते. पण तो सराईत आवाज घशाशी आला आणि तिला तो नको झाला. ती नुसती म्हणाली, “दुखायला लागल्यावर उशीर होतो, दादा. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत खूण आली होती. आता ती किती वाढलीय ते मला माहीत नाही. म्हणून आलेय.”

सांडू बायकोकडं बघत राहिला. भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “चार वर्सं?” ती म्हणाली. मग आत गेली, पाणी प्याली, बाहेर आली. “उद्या येती मी.”

आणि ती आली. सकाळच्या पहिल्या एसटीनं, एकटी, नवं लुगडं नेसून. तपासणीच्या टेबलावर तिनं मीनाक्षीला डोक्याशी उभं राहायला सांगितलं. मीनाक्षी याआधी या खोलीत किती वेळा आली होती, कागद द्यायला, निरोप द्यायला. पण पडद्याच्या आतल्या बाजूला ती कधी उभी राहिली नव्हती. स्वतःच्या तपासणीच्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले होते. फोनवर ती बायकांना सांगायची, दोन मिनिटांचं काम आहे, काही कळतसुद्धा नाही. आता तिनं पाहिलं की दोन मिनिटं नव्हती ती, पंधरा होती, आणि कळत सगळंच होतं. भामाबाईच्या हाताची पकड मागावरच्या बाईची होती. नखं तळव्यात रुतत होती. औषधी पाण्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. डॉक्टर मनस्विनीनं दुर्बिणीच्या पडद्याकडं बोट केलं. गुलाबी गोलावर एका बाजूला पांढरा डाग उमटत होता, सावकाश, दुधावर साय धरावी तसा. तो डाग चार वर्षं तिथं होता. भामाबाई मागावर बसत होती, लेकीचं लग्न करत होती, पायऱ्या चढत-उतरत होती, आणि तो तिथं होता. आणि त्याच काळात मीनाक्षी रोज साडेपाचला स्कूटर काढत होती. तिला सगळं फार स्पष्ट दिसू लागलं, भिंतीवरच्या टाइल्सच्या फटीसुद्धा.

तुकडा काढून तपासायला गेला. निकाल आठ दिवसांनी. डॉक्टर एवढंच म्हणाली की डाग आहे, पण तो वरच्यावर आहे की आत उतरलाय हे तुकडा सांगेल.

खाली आवारात, सिमेंटच्या बाकावर भामाबाई बसली. मीनाक्षीनं तिला चहा आणून दिला आणि शेजारी बसली. आठ दिवस थांबावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. निकाल चांगला आला तर मग सांगता येईल. तेव्हा ऐकणारीलाही सोपं, सांगणारीलाही. आणि वाईट आला तर? तर कदाचित सांगावंच लागणार नाही, त्या धांदलीत. हे तिनं इतकं स्वच्छ पाहिलं, की पुढचं वाक्य तिच्या तोंडून जवळजवळ आपोआप निघालं.

“भामाबाई, चार वर्षांपूर्वी तुम्हाला निकाल कळवायचं काम माझं होतं. दोन फोन केले, ते तुम्ही उचलले नाहीत. तिसरा संध्याकाळी करायचा होता. तो मी केला नाही. केला असं लिहिलं.”

भामाबाईनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. “केलाच नाय?”

“नाही.”

“कामून?”

सगळा प्रश्न याच एका शब्दात होता. “काही कारण नव्हतं,” मीनाक्षी म्हणाली.

रस्त्यावरून विमानतळाकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. मग भामाबाईनं उरलेला चहा बाकाखाली ओतला, कप नीट बाजूला ठेवला. “माझी नात साडेतीन वर्साची हाय,” ती म्हणाली. “ती व्हायच्या आधीची गोष्ट ही.” ती उठली. पिशवी खांद्याला लावली. “निकाल दुसऱ्या बाईनं सांगावा मला. तुमी नका करू फोन.”

“बरं,” मीनाक्षी म्हणाली. ती बसस्थानकापर्यंत सोडायला निघाली नाही. तसं करणं स्वतःच्या समाधानासाठी झालं असतं. फाटकातून रिक्षात बसणारी ती उंच आकृती तिनं पाहिली आणि वर जाऊन आपल्या टेबलाशी बसली.

ते आठ दिवस तिला पुढं नेहमी आठवत राहिले, पण ते तितकेसे वाईट नव्हते. ती काम करत होती. तिनं फोनवर बोलायची आपली पद्धत मात्र बदलली. दोन मिनिटांचं काम आहे असं म्हणणं तिनं सोडलं. पंधरा मिनिटं लागतात, थोडं दुखतं, लाज वाटते, मग संपतं, असं ती सांगू लागली. पहिल्या दोन दिवसांत तिच्या शब्दावर येणाऱ्यांची संख्या कमी झाली. तिसऱ्या दिवशी एका बाईनं विचारलं, तुम्ही स्वतः केलीय का? हो, ती म्हणाली, तीन वर्षांपूर्वी, आणि मलाही नको वाटलं होतं. हे खरं होतं. खरं बोलताना तिचा आवाज आपसूकच खाली आला, मुद्दाम आणावा लागला नाही. ट्रस्टकडून पत्र आलं. नोंदींची पद्धत बदलणार होती, तिला लेखी ताकीद होती, जागा मात्र ठेवली होती. तिनं ते पत्र घरी नेऊन केशवला वाचून दाखवलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, चुकलं माझं, परवा मी भलतंच बोललो. तिनं मान हलवली. भलतं नव्हतं, ती म्हणाली, मीपण तेच बोलत होते.

निकाल बुधवारी सकाळी आला. डॉक्टर मनस्विनी स्वतः कागद घेऊन वर आली. कर्करोग नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी होती, अगदी लगतची, पण अलीकडचीच. विजेनं तापवलेल्या बारीक तारेनं, छोट्या शस्त्रक्रियेत तेवढा भाग काढायचा, दुपारी घरी. “अजून दोन वर्षं गेली असती तर मी काही सांगू शकले नसते,” ती म्हणाली. मीनाक्षीनं कागद हातात घेतला. सहा वर्षांत एवढी चांगली बातमी सांगायची संधी तिला फार थोड्या वेळा मिळाली होती. तिनं कागद मोनिकाच्या टेबलावर ठेवला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती तळमजल्यावर गेली नाही. वरूनच तिनं पाहिलं, सांडू बाकावर बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. तीन आठवड्यांनी काढलेल्या भागाचा कागद आला. कडा स्वच्छ होत्या, काही उरलेलं नव्हतं. वर्षानं पुन्हा एक तपासणी, बस्स. तोही फोन मोनिकानंच केला, संध्याकाळी सव्वासहाला, भामाबाई सुटल्यावर. मीनाक्षी आता रोज सातपर्यंत थांबायची. समोर बसून ती मोनिकाचं अर्धं बोलणं ऐकत होती. मोनिकाचा आवाज चांगला तयार झाला होता. घाई नाही, मधे मधे थांबणं. “हो, सगळं निघालं… नाही, काही उरलं नाही… हो, मागावर बसायला हरकत नाही.” मग मोनिका ऐकत राहिली, आणि तिनं फोन पुढं केला. “मॅडम, तुमच्याशी बोलायचंय म्हणतात.”

मीनाक्षीनं फोन कानाला लावला. पलीकडं माग बंद होते. कुठंतरी लहान पोर गाणं म्हणत होतं.

“मीनाक्षी बोलतेय.”

“लिवून घ्या,” भामाबाई म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, रागही नव्हता. “लक्ष्मीबाई, आमच्या कारखान्यातली. माझी मोठी सून. मधल्या मागावरची रुक्मिणी. तिची सासूबी. आणि कारखान्याच्या मालकिणीची जाऊ, ती लई मुरकती, तिला दोनदा करावा लागंल. नंबर सांगती.”

मीनाक्षी लिहीत गेली. पाच नावं, पाच नंबर. तिनं प्रत्येक नंबर परत म्हणून दाखवला.

“मोनिकाच करेल ना यांना?” तिनं विचारलं.

“नाय,” भामाबाई म्हणाली. “तुमीच करा. ती पोरगी चांगली हाय, पर एखांदीला इसरंल. तुमी आता इसरायच्या नाय.”

आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

मीनाक्षीनं घड्याळाकडं पाहिलं. सहा बत्तीस झाले होते. तिनं पहिला नंबर लावला.